काटा हलेना, पट्टा सैल

"एवढा घाम गाळून वजन तेवढंच?" जिममधला एकजण मागून वजनकाट्यात डोकावत म्हणाला.

होतं खरं तेवढंच. पण पट्ट्याला आतल्या बाजूला नवं भोक पाडावं लागलंय आणि शर्ट दंडात काचतोय, ते काट्याला कुठून दिसणार?

चरबीची घनता घनसेंटिमीटरला साधारण ०.९ ग्रॅम, स्नायूंची १.०६. त्यामुळे तेवढ्याच वजनाचे स्नायू जागा कमी घेतात. चरबी घटवायची आणि स्नायूही वाढवायचे, तर खाणं थोडंसंच कमी, शरीराच्या किलोमागे रोज दीडेक ग्रॅम प्रथिनं, उचलायची वजनं हळूहळू वाढवत न्यायची, आणि झोप. नवख्यांना दोन्ही एकदम साधतं, मुरलेल्यांना जड जातं.

उपाशी राहिलं की काटा झरझर उतरतो. सोबत स्नायूही उतरतात, पण कौतुक त्याचंच जास्त!

तुमच्यात टेपनं कंबर मोजणारे कितीजण?