आमची वाटचाल : पोटमाळ्यावरचा संगणक

बाबांनी १९८७ साली चिपळूणच्या बाजारपेठेत ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं मशीन बसवलं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शिमग्यात पालखीची पत्रकं हे आमचं मुख्य काम. १९९९ मध्ये पहिला संगणक आला आणि छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे काका पन्नाशीच्या उंबरठ्यावर माउस धरायला शिकले. काका अजून रोज येतात, प्रुफं वाचतात.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी दुकानात शिरलं. ऑफसेट मशीन, कागदाची रिमं, पाच संगणक, सगळं चिखलात गेलं. वाचला तो पोटमाळ्यावर ठेवलेला एक जुना संगणक. त्यात विंडोज ७, पानं जुळवायचा पेजमेकर आणि मागे प्रिंटरच्या पोर्टात बसवलेलं फॉन्टचं लॉक, म्हणजे ज्याच्याशिवाय मराठी फॉन्ट चालत नाहीत तो छोटा ठोकळा. बाबांच्या काळापासूनचा सगळा मराठी मजकूर त्यातच होता. गणपतीआधी उभं राहायचं म्हणून मी चार सेकंडहँड संगणक घेतले, विंडोज १० असलेले. पुढे जमेल तसे आणखी दोन नवे घेतले. मराठी टायपिंग मात्र माळ्यावरच्या मशीनवरच व्हायचं आणि पेनड्राइव्हने खाली यायचं.

विंडोज ७चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२०लाच बंद झाले होते. मला ते माहीत होतं, तरी मी चालवून घेतलं. ऐन लग्नसराईत एका गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले. तीन पत्रिका रात्रभर बसून पुन्हा टाइप केल्या. आमच्याकडे लोक आधारकार्डाच्या प्रती, जमिनीचे कागद विश्वासाने देऊन जातात. त्या रात्री मला खरी भीती वाटली ती त्या कागदांसाठी.

म्हणून विंडोज १०च्या सुरक्षा अपडेटची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार हे कळल्यावर पावसाळ्यातच कामाला लागले. सेकंडहँड चारही संगणकांत सहाव्या पिढीचे प्रोसेसर, आणि विंडोज ११ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. तपासणीत चौघांनाही नकार आला. नव्या दोघांपैकी एकात टीपीएम, म्हणजे विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय, बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद होतं आणि डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची होती. आधी बॅकअप घेतला, मग डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची केली, टीपीएम चालू केलं, तासाभरात काम झालं. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने चौघांवरही तपासणी चुकवून ११ टाकून देतो म्हटलं. मी नको म्हटलं. अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी नसते, आणि माझा सगळा खटाटोप अपडेटसाठीच होता. दोन विकले, दोन १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच्या वाढीव सुरक्षा अपडेटवर ठेवले, आणि एक नवा घेतला.

खरी अडचण होती माळ्यावर. विंडोज ११ फक्त ६४ बिटची, लॉक चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, ३२ बिटचा. तो तिथे चालत नाही. आणि जुन्या फॉन्टमधली मराठी ही संगणकाच्या लेखी मराठी नसतेच. आत रोमन अक्षरांचे कोड, वर मराठी अक्षरांचे आकार. फॉन्ट काढला की नुसता चुरा दिसतो. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड असतो. पेजमेकरला युनिकोड मराठी कळत नाही, म्हणून पानं जुळवायला इनडिझाइन घेतलं आणि आम्ही जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायला बसलो.

हा बदल करणाऱ्या कन्व्हर्टर प्रोग्रॅमने पहिल्या दिवशी दिलेला मजकूर काकांनी कागदावर मागितला. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यांनी लाल पेनने गोल करायला सुरुवात केली. ‘खेर्डी’ या गावाच्या नावाचं ‘खेडीर्’ झालं होतं, ‘वऱ्हाडी’चं ‘वर्हाडी’. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर टाइप व्हायचा, युनिकोडमध्ये ‘र’ आधी साठवला जातो. पहिल्या वेलांटीचं उलटं. ती पूर्वी आधी यायची, आता अक्षरानंतर. कुठे बदल अर्धवट झाला की चिपळूणची वेलांटीसुद्धा जागा सोडते. “अगो, नाव चुकलं तर पत्रिका फुकट,” काका म्हणाले, आणि प्रत्येक पान स्वतः वाचायचं त्यांनी ठरवलं. आमच्या डीटीपी करणाऱ्या ताई इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची नवी मांडणी शिकल्या. पहिले तीन आठवडे त्यांचा वेग निम्म्यावर होता, मी एकदाही घाई केली नाही.

आधी घेतली ती पालखीची पत्रकं. कुठल्या वाडीत कोणत्या दिवशी पालखी, मानाचा क्रम, मानकऱ्यांची नावं. काही गावांच्या अशा याद्या माळ्यावरच्या त्या एका डिस्कशिवाय मी दुसरीकडे कुठे पाहिलेल्या नाहीत. आता एका गावच्या मंडळाने व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर मागितला, तर तो जसाच्या तसा त्यांच्या मोबाइलवर उमटतो. डिस्कच्या दोन प्रती केल्या आहेत, एक माझ्या माहेरी डोंगरावरच्या घरात.

माळ्यावरचा संगणक नेटपासून तोडून ठेवला आहे. लग्नपत्रिकांची फोल्डरं अजून उतरवायची आहेत. काका रोज दुपारी चहा झाला की एक फोल्डर मागतात.