सॅन अँटोनिओच्या घुमटाखाली: २०२५ चा फायनल फोर

मुलगी ह्यूस्टन विद्यापीठात शिकते, त्यामुळे आमच्याकडे मार्च महिना बास्केटबॉलचा असतो. अमेरिकेतली ही कॉलेज संघांची स्पर्धा, २०२५ मध्ये त्यात ६८ संघ होते. एकदा हरलं की थेट घरी, आणि उरलेले शेवटचे चार, म्हणजे फायनल फोर, एका शहरात. २०२५ साली ते शहर होतं सॅन अँटोनिओ, ह्यूस्टनजवळच्या केटीतल्या आमच्या घरापासून आय-१० महामार्गाने जेमतेम अडीच तास. त्यात ह्यूस्टन चारांत पोचल्यावर 'टीव्हीवर बघू की' म्हणायला मला तोंडच उरलं नाही. फ्लोरिडा, ऑबर्न, ड्यूक आणि ह्यूस्टन, चौघेही आपापल्या विभागात अव्वल मानांकित. असं याआधी एकदाच झालं होतं, २००८ मध्ये, आणि तेही याच गावात.

गावातल्या हॉटेलांचे दर बघून आम्ही न्यू ब्रॉनफेल्सला खोली घेतली, पन्नासेक किलोमीटर अलीकडे. रात्री उशिरा गाडी हाकायची तयारी असेल तर हाच मार्ग धरा. फक्त स्टेडियमजवळ पार्किंग शोधत फिरू नका. मी फिरलो, पाऊण तास गेला आणि लेकीची बोलणी खाल्ली ती वेगळीच. दुसऱ्या दिवशी गाडी लांब लावली आणि नदीकाठच्या रिव्हर वॉककडून हेमिसफेअर बागेतून, आय-३७ च्या पुलाखालून चालत गेलो. वीस मिनिटं लागतात.

शुक्रवारी ४ एप्रिलला चारही संघांचा सराव सगळ्यांसाठी खुला होता, तोही फुकट. तिकिटं परवडत नसतील तर निदान या दिवशी तरी या. मुलांना घेऊन येणाऱ्यांनी तर नक्कीच.

सामन्यांचं स्टेडियम, म्हणजे अलामोडोम, मुळात अमेरिकन फुटबॉलच्या मापाचं. मधोमध उंच चौथरा करून त्यावर कोर्ट मांडतात. वरच्या मजल्यावरून खेळाडू कॅरमच्या सोंगट्यांएवढे दिसतात आणि निम्मा सामना आपण टांगलेल्या पडद्यावरच बघतो. एक दुर्बीण घ्या, एक स्वेटर घ्या. पिशवी पारदर्शक प्लास्टिकचीच चालते. बायकोने दिलेली थालीपिठं गाडीतच संपवावी लागली. तिकीट फोनवर असतं, ते आधीच उतरवून ठेवा. साठ हजारांवर माणसं जमल्यावर नेटवर्क दगा देतं.

शनिवारच्या एकाच तिकिटात दोन्ही उपांत्य सामने होतात. पहिल्यात फ्लोरिडाच्या वॉल्टर क्लेटनने ३४ गुण करून ऑबर्नला ७९-७३ असं घरी पाठवलं. दुसरा सामना मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. ड्यूककडे कूपर फ्लॅग, त्या वर्षीचा सगळ्यात गाजलेला पोरगा. उत्तरार्धात ह्यूस्टन १४ गुणांनी मागे. शेवटचं अर्धं मिनिट उरलं तेव्हाही सहाने मागे, आणि आमच्या पुढच्या रांगेतलं एक कुटुंब जिन्याकडे निघालेलं. मग ह्यूस्टनच्या एमॅन्युएल शार्पचा थ्री पॉइंटर, टगलरचा डंक (चेंडू हातानेच रिंगमध्ये कोंबणं), रॉबर्ट्सचे दोन फ्री थ्रो, आणि फ्लॅगचा शेवटचा फटका रिंगवर आपटून बाहेर. ७०-६७. ते कुटुंब जिन्यातच उभं राहून किंचाळत होतं. म्हणून सांगतो, शेवटचा भोंगा होईपर्यंत खुर्ची सोडू नका.

फायनलचं तिकीट आधी काढू नये, हे माझं ठाम मत आहे. शनिवारी रात्री हरलेल्या दोन संघांची माणसं आपली तिकिटं विकायला काढतात. ह्यूस्टन जिंकल्यामुळे भाव हवा तितका उतरला नाही, तरी शुक्रवारपेक्षा बराच कमी पडला.

रविवार मोकळा असतो. अलामो या ऐतिहासिक वास्तूसमोर फोटोंसाठी झुंबड होती, आम्ही तिथून निघून मिशन सॅन होजे या जुन्या ख्रिस्ती मिशनला गेलो. १८ व्या शतकातलं ते दगडी आवार जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथे निवांत बसता येतं. शाकाहारी मंडळींनी इथे बीन टाको मागवताना बीन्समध्ये डुकराची चरबी आहे का, एवढं विचारून घ्यावं. बऱ्याचदा असते.

सोमवारी ह्यूस्टन एका टप्प्यावर १२ गुणांनी पुढे होतं. क्लेटनचा पूर्वार्धात एकही गुण नाही. मग फ्लोरिडाने हळूहळू फास आवळला आणि शेवटी ६५-६३ ने पुढे गेले. अखेरचे काही सेकंद, चेंडू शार्पच्या हातात. तो उडाला, समोर क्लेटन झेपावला, आणि फटका मारता येईना म्हणून शार्पने चेंडू खाली सोडला. पुन्हा हात लावला तर ट्रॅव्हलिंग, म्हणजे चेंडू घेऊन चालल्याचा नियमभंग. जमिनीवर टप्पे घेणाऱ्या त्या चेंडूकडे अख्खं स्टेडियम बघत राहिलं, फ्लोरिडाच्या कॉन्डनने त्यावर सूर मारला, संपलं. शनिवारी ज्याने वाचवलं, त्याच्याच हातून हे व्हावं! लेक 'बाबा, चला' एवढंच म्हणाली. ह्यूस्टन १९८३ आणि १९८४ मध्येही फायनल हरलं होतं, हे तिला तेव्हा सांगायला नको होतं.

पुढचं ठरवायचं असेल तर २०२७ चा फायनल फोर डेट्रॉईटच्या फोर्ड फील्डवर आहे आणि २०२८ चा लास वेगासमध्ये. दोन्हीकडे असंच अवाढव्य स्टेडियम, म्हणजे दुर्बीण लागेलच.

आम्ही रात्रीच परत निघालो. वाटेत लुलिंगच्या बकीज पेट्रोल पंपावर मध्यरात्री कॉफीच्या रांगेत सगळे ह्यूस्टनचे लाल शर्ट उभे होते, आणि कुणीच कुणाशी बोलत नव्हतं.