उन्हाळ्यात तापणारा जुना डेस्कटॉप: माझा अनुभव

मशीन कोअर आय५ ३४७० प्रोसेसरचं. एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम आणि जुनी हार्ड डिस्क. हिवाळाभर इंदूरमध्ये नीट चाललं. मे लागला तशी दुपारी आधी रखडायचं, मग थेट बंद पडायचं. सिल्व्हर मॉलमधून, म्हणजे इथल्या कॉम्प्युटर बाजारातून, रॅम आणून टाकावी हा पहिला विचार मी बाजूला ठेवला. रॅम कमी पडत असती, तर सकाळीही रखडलं असतं.

एचडब्ल्यूमॉनिटर हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून प्रोसेसरला पूर्ण काम (लोड) दिलं. खोली ३८ अंश, प्रोसेसर चार मिनिटांत १०५वर आणि क्लॉक, म्हणजे त्याचा वेग, ३.२ गिगाहर्ट्झवरून १.६वर. १०५ ही या चिपची हद्द. तिथे पोचली की ती जीव वाचवायला वेग कमी करते. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) कमजोर असेल तर असं आधी रखडत नाही, चालता चालता एकदम रीस्टार्ट होतं. विंडोजच्या नोंदीत कर्नल-पॉवर ४१ (मशीन अचानक बंद पडल्याची खूण) मात्र दोन्ही वेळा दिसतं, त्यावरून काही ठरवू नये.

आकडा वाचताना खोलीचं तापमान वजा करायचं. मशीन खोलीपेक्षा ५५ अंश वर जात असेल, तर जानेवारीत २२च्या खोलीत ७७ दिसेल आणि मेमध्ये ४०च्या खोलीत ९५. एसीत बसून केलेल्या व्हिडिओतले आकडे आपल्या उन्हाळ्याला लागू पडत नाहीत. मी प्रत्येक बदलानंतर तीच चाचणी घेतली आणि खोलीच्या तापमानासकट वहीत उतरवली. एका वेळी एकच बदल.

आधी धूळ. वरून पंखा स्वच्छ दिसत होता; तो काढल्यावर खाली हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर नमद्यासारखा घट्ट थर निघाला. खोलीतल्या कूलरची ओलसर हवा कॅबिनेटवर येत असेल तर धूळ अशी चिकटून बसते, त्यामुळे कूलरचं तोंड दुसरीकडे वळवलं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. एवढ्याने तापमान ९६वर आलं.

मग थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा लेप. जुनी वाळून खपली झालेली. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, तुरीच्या दाण्याएवढी नवी मधोमध ठेवली आणि हीटसिंक बसवला. एका मिनिटात पुन्हा १०५! परत काढून पाहिलं: पेस्ट एका बाजूला पातळ पसरलेली, दुसऱ्या बाजूला तिला काही टेकलंच नव्हतं. हीटसिंक बोर्डाला धरून ठेवणाऱ्या चारपैकी एका पुश-पिनचा (दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या खुंटीचा) पांढरा पाय बोर्डाच्या भोकात न जाता वाकला होता. इतक्या वर्षांच्या उष्णतेने हे प्लास्टिक ठिसूळ होतं. या पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने दाबायच्या, प्रत्येकीचा खट् आवाज ऐकायचा आणि बोर्डाच्या मागून चारही पाय बाहेर आलेत ना ते बघायचं. पेस्ट महागातली की स्वस्तातली यापेक्षा हा दाब सारखा पडणं फार महत्त्वाचं, असं माझं ठाम मत आहे.

वाकलेल्या पिनेवर भरवसा ठेवला नाही. बोर्डामागे पट्टी लावून स्क्रूने आवळला जाणारा साधा टॉवर कूलर (पंख्यासकट उभा हीटसिंक) आणला. घेण्याआधी बोर्डापासून कॅबिनेटच्या झाकणापर्यंतची उंची पट्टीने मोजून घेतली. दर वेळी पेस्ट नव्याने लावायची. एकदा उचलल्यावर तीत हवा अडकते. मागच्या रिकाम्या जाळीवर १२० मिमीचा पंखा बाहेर हवा फेकेल असा लावला. चौकटीवर बाण नसेल तर पंख्याच्या आडव्या पट्ट्या ज्या बाजूला, तिकडून हवा बाहेर पडते. कॅबिनेट टेबलाच्या बंद खणातून बाहेर काढलं. खोली ३९, लोडवर ७४, क्लॉक पूर्ण.

त्यानंतर अपग्रेड. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घेतली, तीही हार्ड डिस्कसारखी सॅटा केबलने जोडायची साधीच. एच६१वर सॅटाचा वेग ३ जीबीपीएसच मिळतो, म्हणून ५५० एमबीचा दावा असलेली एसएसडी सेकंदाला २७०च्या आसपास एमबी देते. हार्ड डिस्कपुढे तीही खूप. या काळातल्या बहुतेक बोर्डांचं बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) एनव्हीएमई या जास्त वेगाच्या एसएसडीवरून बूट होत नाही, अडॅप्टरवर पैसे घालवू नयेत.

रॅमच्या जागा दोनच, म्हणून ४ जीबीची काढून ८ जीबीच्या दोन टाकल्या. बोर्ड १६ जीबीपर्यंतच घेतो. स्वस्त ८ जीबी डीडीआर३मध्ये काही फक्त एएमडीसाठीच्या असतात, इंटेलवर त्या चालत नाहीत. दुकानदाराला बोर्डाचं नाव सांगून, न चालल्यास बदलून देण्याचं कबूल करून घेतलं. विंडोज टाकण्याआधी मेमटेस्ट ही रॅमची चाचणी रात्रभर चालवली. सकाळी एरर शून्य.