मे महिन्यात गोळी वर का जाते

आमचं गाव चिमूर तालुक्यात, ताडोब्याच्या कडेला. थंडीत हरभऱ्यात चितळं शिरतात, म्हणून बाबा रात्रभर जागलीला असतात. मी क्लबच्या रेंजवर .22 रायफल शिकते हे कळल्यापासून गावात एकच प्रश्न असतो, "काऊन वं, चितळ पडते का यानं?" 1972 च्या कायद्यानं शिकार बंद आहे आणि क्लबची रायफल रेंजबाहेर जात नाही, हे मी प्रत्येकाला सांगते.

डिसेंबरच्या गारठ्यात मी साइट, म्हणजे नेम धरायची खूण, गोळी मधोमध लागेल अशी बसवली. मे महिन्यात तीच रायफल, त्याच लॉटची काडतुसं, पण गोळ्या वर लागायला लागल्या. 50 मीटरच्या टार्गेटवर दहाचं, म्हणजे सगळ्यात जास्त गुणांचं, वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं असतं. महिनाभर मी श्वास आणि ट्रिगरवरचं बोट यांनाच दोष देत राहिले.

मग एकदा टेबलावर उन्हात राहिलेलं पाकीट उघडलं. बोटं तेलकट झाली. शिशाच्या गोळीवरचं मेण पातळ झालं होतं आणि त्यावर रेंजवरची लाल धूळ चिकटली होती. सरांना दाखवलं. ते म्हणाले, "बारूद तापली की लवकर जळते, दाब वाढतो, गोळीचा वेग वाढतो." घरी येऊन हिशेब मांडला. 50 मीटर जाईस्तोवर ही गोळी सुमारे 12 सेंटिमीटर खाली येते. वेग दोन टक्के वाढला तर ती साधारण 5 मिलिमीटर वर लागणार. म्हणजे दहाच्या मधोमध बसणारी गोळी थेट कडेवर!

पण दुपारी मिराजही असतो. तापलेल्या जमिनीवरची हवा उकळत्या पाण्यासारखी हलते, काळा गोल वर उचलल्यासारखा दिसतो, वारा असेल तर बाजूला सरकतो. मग दोष बारुदीचा की डोळ्याला दिसणाऱ्या गोलाचा? हे वेगळं करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. शेवटी दोन पाकिटं घेतली, एक सावलीत, एक उन्हात. एकाच दुपारी, शेजारशेजारच्या दोन टार्गेटवर आलटून पालटून एकेक गोळी मारली. मिराज दोघांनाही सारखाच. तरी उन्हातल्या गोळ्या वर गेल्या, आणि पसरल्याही जास्त. चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, तापलेलं असताना काडतूस आत ठेवून वाऱ्याची वाट पाहिली, तर सावलीतली गोळीही वर गेली.

पाकीट थंड ठेवायला मी ओला दुपट्टा गुंडाळला होता, तो सरांनी लगेच काढायला लावला. ओल काडतुसाची वैरी. पावसाळ्यात पितळेवर हिरवट डाग येतात ते त्यामुळंच. हवा दमट असली की जड होते असं लोक म्हणतात, पण पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी असते. एवढ्या अंतरावर त्यानं फरक पडत नाही.

जिथं हरणाची शिकार कायदेशीर आहे, अशा देशांत उन्हाळ्यात साइट बसवून बर्फात गेलेल्या शिकाऱ्याची गोळी खाली लागते. लांबच्या नेमात तेवढ्यानंही जनावर मरत नाही, जखमी होऊन पळतं. हे वाचलं त्या रात्री मला आमच्या हरभऱ्यातली चितळं आठवत राहिली.

आता काडतुसं कोरड्या स्टीलच्या डब्यात, डबा टॉवेलात, टॉवेल सावलीत. वहीत प्रत्येक पानावर तारीख, वेळ, तापमान आणि साइटचे क्लिक, म्हणजे साइट वरखाली करायच्या चकतीचे टप्पे. मे महिन्याच्या पानावर लिहिलं आहे: दोन क्लिक खाली.