फॉर्म १६ मध्ये ऊस नसतो

जूनच्या मध्याला शाळा, कार्यालयं आणि कंपन्या फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला) देतात आणि तिथून पुढचा दीड महिना आयकर रिटर्नची धावपळ. पगारदार आणि पेन्शनरांसाठी मुदत ३१ जुलै. यंदा अधिक महिन्यामुळं आषाढी एकादशी २५ जुलैला आलीय, म्हणजे मुदतीच्या तोंडावर अर्धा सोलापूर जिल्हा पंढरपूरच्या वाटेवर. त्यामुळं १५ जून ते १५ जुलै हाच आपला महिना धरा. त्याआधीही घाई नको. जानेवारी ते मार्चच्या टीडीएसची (पैसे देणाऱ्यानं आधीच कापलेल्या कराची) विवरणं ३१ मेपर्यंत भरली जातात आणि २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, ती दिसायला त्यानंतर काही दिवस जातात. एप्रिल-मे मध्येच उरकून टाकणाऱ्यांच्या रिटर्नमधून शेवटच्या तिमाहीचा टीडीएस हमखास सुटतो.

आयकर खात्याचं पोर्टल हल्ली पगार, बँकेचं व्याज, लाभांश सगळं आधीच भरून देतं. समोर आयते आकडे दिसले की माणूस खाली जाऊन सबमिट दाबतो. आपल्याकडची अडचण अशी की सोलापूर जिल्ह्यातलं बरंच उत्पन्न पोर्टलला दिसतच नाही. कारखान्याचं ऊसबिल, सांगोल्याच्या डाळिंबाचे पैसे, पतसंस्थेतल्या ठेवीचं व्याज, मागावरची मजुरी. हे आपल्यालाच घालावं लागतं, आणि चुका इथंच होतात.

आधी शेती. "शेतीचं उत्पन्न करमुक्त, दाखवायचं कशाला?" हे वाक्य पारावर ठीक आहे, रिटर्नमध्ये नाही. वर्षाचं निव्वळ शेती उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर गेलं की आयटीआर-१ हा रिटर्नचा सर्वांत साधा फॉर्म चालत नाही, पगारदारानं आयटीआर-२ भरायचा. धंदा अंदाजित नफ्यानं (उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी) दाखवणाऱ्यांचा आयटीआर-४ सुद्धा याच ५,००० च्या मर्यादेवर अडतो, त्यांना आयटीआर-३ कडं जावं लागतं. आयटीआर-२ मध्ये करमुक्त उत्पन्नाचं वेगळं परिशिष्ट आहे. तिथं एकूण आवक, त्यावरचा खर्च आणि निव्वळ रक्कम असे रकाने येतात. निव्वळ रक्कम ५ लाखांच्या वर असेल तर जमिनीचा जिल्हा आणि पिनकोड, क्षेत्र एकरात, मालकीची की खंडानं केलेली, बागायत की जिरायत, एवढंही विचारतात. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. ४० आर म्हणजे साधारण एक एकर, तेवढं रूपांतर करून घ्या.

आता करमुक्त असूनही शेती कर कसा वाढवते ते बघा. शेती सोडून बाकीचं उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर शेतीचं उत्पन्न दर ठरवण्यासाठी मोजलं जातं. पद्धत अशी: दोन्ही उत्पन्नांच्या बेरजेवर कर काढायचा, मग शेती उत्पन्न अधिक मूळ मर्यादा यांच्या बेरजेवर कर काढायचा, आणि पहिल्यातून दुसरा वजा करायचा.

एका शिक्षकाचा आर्थिक वर्ष २०२५-२६ चा पगार १२,२५,००० आहे. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की राहिले ११,५०,०००. ही रक्कम १२ लाखांच्या आत, म्हणून फॉर्म १६ वर कर शून्य. पण उसाचे निव्वळ ४,००,००० आहेत. बेरीज १५,५०,०००, त्यावर नव्या टप्प्यांनी कर १,१२,५००. शेतीचे ४ लाख अधिक मूळ मर्यादेचे ४ लाख अशा ८ लाखांवर कर २०,०००. फरक ९२,५००. आता १२ लाखांच्या आतल्यांचा कर माफ करणारी कलम ८७ए ची सवलत. ती मिळते, कारण शेती एकूण उत्पन्नात धरली जात नाही. पण तिची कमाल मर्यादा ६०,०००. उरले ३२,५००, त्यावर ४ टक्के उपकर धरून ३३,८००. "१२ लाखांपर्यंत कर नाही" हे ऐकून निवांत बसलेल्या माणसाला हा आकडा पटत नाही, पण हिशेब हाच आहे. शिवाय देय कर १०,००० च्या वर असल्यानं तो आगाऊ करात भरायला हवा होता. नाही भरला तर एप्रिलपासून दरमहा १ टक्का व्याज, आणि हप्ते चुकल्याचं व्याज वेगळं.

शेतीचा खर्च मात्र सोडू नका. बेणं, खतं, औषधं, मजुरी, ट्रॅक्टरचं भाडं हे सगळं वजा होतं. पावत्या ठेवा, नाहीतर निदान तारखेवार वही ठेवा. आणि दूध, कोंबड्या, शेळ्या हे शेती उत्पन्न नव्हे. दूध डेअरीकडून खात्यावर येणारे पैसे ही धंद्याची जमा आहे. करमुक्त रकान्यात दूध घालणं ही आपल्या जिल्ह्यातली ठरलेली चूक.

दुसरा विषय पतसंस्थेचा. निवृत्तीची रक्कम बँकेत थोडी आणि पतसंस्थेत जास्त, अशी घरं गल्लोगल्ली आहेत. ५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या संस्था सोडल्या तर सभासदाच्या व्याजावर टीडीएस कापायचं बंधन पतसंस्थेवर नाही. टीडीएस कापला नाही म्हणजे व्याज करमुक्त झालं, असा समज पक्का बसलाय. तो चुकीचा आहे. १० लाखांच्या ठेवीवर ९ टक्क्यांनी ९०,००० व्याज झालं तर ते इतर उत्पन्नात पूर्ण दाखवायचं. एआयएसमध्ये (खात्याकडं असलेल्या आपल्या वार्षिक माहितीपत्रकात) ते नसेल, म्हणून काउंटरवरून १ एप्रिल ते ३१ मार्चचा व्याजाचा दाखला मागून घ्या. पासबुकावरच्या नोंदींवर विसंबू नका. दामदुप्पट ठेवीचं व्याज दर वर्षी थोडं थोडं दाखवलेलं बरं. सगळं शेवटच्या वर्षी घेतलं तर एकाच वर्षात वरचा टप्पा लागतो. एकदा धरलेली पद्धत मात्र दर वर्षी तीच ठेवा. नागरी सहकारी बँकांचं तसं नाही, त्या इतर बँकांसारखाच टीडीएस कापतात: वर्षाचं व्याज ५०,००० च्या वर गेलं तर, ज्येष्ठांसाठी १ लाखाच्या वर.

जोडखात्यावरच्या ठेवीचं व्याज एआयएसमध्ये पहिल्या नावावर दिसतं. पैसे खरोखर दुसऱ्याचे असतील तर त्या ओळीवर फीडबॅकमध्ये ही माहिती दुसऱ्या पॅनची असल्याचं नोंदवा. नुसती रक्कम गाळून रिटर्न भरलं की तफावतीचा मेसेज येतो.

"पंचाहत्तरी झाली, आता रिटर्न नाही" असं म्हणणारे आजोबाही भेटतात. ती सवलत फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतलं व्याज एवढंच उत्पन्न असणाऱ्यांना आहे, तेही बँकेला घोषणापत्र दिल्यावर. बँकही सरकारनं ठरवलेल्यांपैकी हवी. पतसंस्थेत एक ठेव असली की ही सवलत गेली. शिवाय कर माफ होत नाहीच, बँक तो कापून घेते. आणि कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या आजींचं रिटर्न भरताना ते पगारात टाकू नका. ते इतर उत्पन्न आहे, त्याला ७५,००० ची वजावट नाही. नव्या प्रणालीत एक तृतीयांश किंवा २५,००० यातली कमी रक्कम मिळते.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा पूर्व भागात माग चालवणाऱ्यांसाठी एक नियम फार महत्त्वाचा आहे. वर्षाचं वीजबिल १ लाखाच्या वर गेलं की उत्पन्न कितीही कमी असो, रिटर्न सक्तीचं. मोजकेच माग असले तरी बिल तिथवर जाऊ शकतं. व्यापाऱ्याचं सूत घेऊन टॉवेल विणून देणाऱ्याच्या मजुरीवर व्यापारी टीडीएस कापणाऱ्यांत मोडत असेल तर १ टक्का कापतो. मग ती पूर्ण रक्कम २६एएसमध्ये दिसते, आणि रिटर्नमधली उलाढाल त्यापेक्षा कमी असून चालत नाही. अंदाजित नफ्याचा हिशेब सोपा आहे: बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के. २० लाख बँकेतून आणि १० लाख रोख आले तर १,२०,००० अधिक ८०,००० म्हणजे किमान नफा २ लाख. प्रत्यक्षात जास्त सुटला असेल तर जास्त दाखवायचा. आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात. मार्केट यार्डातल्या आडत्यांना आणि विमा एजंटांना मात्र ही वाट बंद आहे, दलाली-कमिशनचं उत्पन्न यात बसत नाही.

जुनी की नवी प्रणाली यावर पानं भरून लिहिलेलं सापडेल, त्यामुळं थोडक्यात. गृहकर्जाचं व्याज, ८०सी ची गुंतवणूक आणि घरभाडं हे तिन्ही दणदणीत असतील तरच जुनीचा हिशेब करून बघा. घरभाडं भत्त्यासाठी सोलापूरला मूळ पगाराच्या ४० टक्क्यांची मर्यादा लागते, ५० ची नाही. जुनी घ्यायची तर रिटर्न मुदतीतच हवं, उशिराचं रिटर्न फक्त नव्या प्रणालीत भरता येतं. विमा पॉलिसीचा क्रमांक, कर्जखात्याचा क्रमांक असे तपशील रिटर्नमध्येच विचारतात, तेव्हा कागद पुढ्यात घेऊन बसा. शेअरच्या नफ्यावर नव्या प्रणालीत ८७ए ची सवलत लागू नाही, हेही लक्षात असू द्या.

यंदाचा एक नवा सापळा आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि त्यात 'करवर्ष' आलं. आत्ता आपण भरतोय ते २०२५-२६ चं उत्पन्न, जुन्या कायद्याखाली, करनिर्धारण वर्ष २०२६-२७. पण 'करवर्ष २०२६-२७' म्हणजे चालू वर्ष. आकडे तेच, वर्ष वेगळं. उरलेला कर भरताना करनिर्धारण वर्ष २०२६-२७ आणि स्वयंनिर्धारण कर निवडलाय ना, ते चलन पक्कं करण्याआधी वाचा. चुकलं तर भरलेला कर रिटर्नला जुळत नाही आणि चलन दुरुस्तीच्या मागं लागावं लागतं.

रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी. ती राहिली आणि नंतर केली तर रिटर्नची तारीख पडताळणीच्या दिवसाची धरली जाते, आणि तो दिवस मुदतीनंतरचा असेल तर विलंब शुल्क: ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १,०००, त्यावर ५,०००. आधारला जोडलेला मोबाईल पुण्याला गेलेल्या मुलाचा असेल तर ओटीपीच्या वेळी त्याला फोनवर घ्या, नाहीतर नेटबँकिंगमधून पडताळणी करा.

रिफंडसाठी खातं पोर्टलवर आधी प्रमाणित झालेलं हवं. ते अडकतं दोन कारणांनी: बँकेतलं नाव पॅनवरच्या नावाशी जुळत नाही, किंवा सहकारी बँकेचं विलीनीकरण होऊन आयएफएससी बदललेला असतो. नाव बँकेत केवायसी देऊन दुरुस्त करा, नवा आयएफएससी पोर्टलवर घाला. रिफंड परत गेला असेल तर खातं प्रमाणित झाल्यावर सर्व्हिसेसमधून रिफंड रीइश्यूची विनंती टाका. ती आपण टाकल्याशिवाय पैसे पुन्हा निघत नाहीत.