बिरकेनस्टॉक मागवताय? आधी पाय मोजा, मग पावसाचा विचार करा

बिरकेनस्टॉक या जर्मन कंपनीच्या चपलांना जर्मनीतच एकेकाळी ‘ओकोलाट्शन’ म्हणून हिणवायचे, म्हणजे पर्यावरणवाल्यांच्या फताड्या चपला. त्यात मोजे घातले की हसं ठरलेलं. आज मोज्यांसकट पुढून बंद असलेलं ‘बोस्टन’ मॉडेल ऑफिसातही चालतं. २०१२ साली पॅरिसच्या रॅम्पवर सेलीन या फॅशन ब्रँडने आत फर लावलेल्या तशाच चपला आणल्या, तिथून वारं फिरू लागलं. २०२३ मध्ये तर कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली.

साताऱ्यात बसून कुणाला आणायला सांगताना ‘मला नऊ नंबर बसतो’ एवढ्यावर भागत नाही. संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना कागदावर उभं राहून दोन्ही पावलं मोजा आणि मोठं धरा. आतल्या तळावर नंबराजवळ मिलिमीटर छापलेले असतात: ४० ला २६०, ४२ ला २७०. तिथेच पावलाचं चित्र असतं. नुसती रेषा असेल तर रुंद, भरीव असेल तर अरुंद. अनवाणी आणि कोल्हापुरीत वाढलेल्या पायांना बहुधा रुंदच लागतं. बोटं पुढच्या कडेला टेकता कामा नयेत.

तळ बुचाचा चुरा आणि लॅटेक्सचा, वरून स्वेड, म्हणजे मखमली पोताचं चामडं. पहिला आठवडा तो चावतो, विशेषतः बोटांखालचा उंचवटा. रोज तास-दोन तासच घाला. पायाच्या उबेने आणि वजनाने बूच आकार घेतं. कोल्हापुरीला पाजतो तसं तेल मात्र इथे पाजू नका, स्वेडवर कायमचे डाग पडतात.

खरी अडचण पावसाची. कासला किंवा महाबळेश्वरला जुलैत ही घालून गेलात तर बूच भिजतं, डिंक सुटतो, आणि उन्हात वाळवली की तडे जातात. भिजलीच तर सावलीत, पंख्याखाली, दोन दिवस. पावसाळ्यासाठी पूर्ण ईव्हीएचं, म्हणजे हलक्या फोमसारख्या प्लास्टिकचं मॉडेल घ्या, ते नळाखाली धुता येतं. पण एप्रिलमध्ये बंद गाडीत ठेवलंत तर आक्रसतं. बुचाच्या जोडीचा खालचा सोलही ईव्हीएचाच असतो. टाचेकडे झिजला की बूच जमिनीला लागायच्या आत बदलून घ्या, नंतर दुरुस्ती अवघड.

कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव ठरलेल्या जिल्ह्यांतल्या चपलांनाच; त्यात सातारा आणि सांगलीही येतात. उलट बिरकेनस्टॉकने आपल्या चपला कलाकृती आहेत म्हणून कॉपीराइट मागितला, तो जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये नाकारला. सारख्या दिसणाऱ्या चपला भरपूर मिळतात. घेताना कडेला नख दाबून पाहा: बुचाचे दाणे दिसायला हवेत, फोमवर चिकटवलेला छापील थर नव्हे.