८१ ग्रॅमचा टॉवेल

सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ओळखीतल्या एकांचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. ऑर्डरला सूत किती लागेल याचा हिशोब मी त्यांना पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत करून दिला. फंक्शन साधं: लांबी, रुंदी, जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), डझन द्या, किलो घ्या.

पहिल्याच आठवड्यात पॅकिंगचे मामा लेबल घेऊन आले. "हे बघा की, एवढे नग कुठं मावायचे?" नगाच्या जागी ४० हा आकडा सलग १२ वेळा छापलेला. सीएसव्हीतून, म्हणजे साध्या मजकुराच्या तक्त्यातून, आलेले 'डझन' ही संख्या नव्हतीच, अक्षरं होती. पायथनने त्यांना १२ ने गुणायचं सोडून १२ वेळा जोडलं. मी 'डझन: इंट' अशी टाइप हिंट, म्हणजे इथे पूर्णांक हवा अशी नोंद, लिहिली होती, पण कोड चालताना पायथन ती तपासत नाही.

लेबल निदान डोळ्यांना दिसलं. पुढची चूक दिसणारी नव्हती. ३० बाय ६० चा टॉवेल, ४५० जीएसएम. कारखान्यात सगळे इंचात बोलतात आणि माझं फंक्शन सेंटिमीटर धरून चालत होतं. सव्वापाचशे ग्रॅमचा टॉवेल हिशोबात ८१ ग्रॅमचा झाला. सूत मागवण्याआधी मालकांनी कागद पाहिला. "८१ ग्रॅमला नॅपकिन होतो रे, टॉवेल नाही." नॅपकिन खरंच त्या मापाचा असतो, म्हणून नुसती मर्यादा लावून हे पकडता आलं नसतं. मी फंक्शनमध्ये नावच 'लांबी_इंच' केलं आणि नावांच्या यादीत आधी एक तारा (*) टाकला, म्हणजे नाव लिहिल्याशिवाय आकडा देताच येत नाही. हा तारा मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

तपासणीला आधी असर्ट (अट खोटी ठरली की कोड थांबवणारी ओळ) वापरलं होतं, ते काढलं. पायथन '-ओ' (मोठा O) हा पर्याय लावून चालवलं की असर्ट गळून पडतात. एक्सेलमधला रिकामा रकाना पांडाज या तक्ते वाचणाऱ्या लायब्ररीतून 'नॅन' (संख्याच नाही अशी खूण) होऊन यायचा आणि "शून्य किंवा कमी आहे का?" या प्रश्नातून सुटायचा, कारण नॅनशी केलेली अशी तुलना खोटीच ठरते. अट उलटी लिहिली: शून्यापेक्षा मोठा नसेल तर थांब.

डझनाचं रूपांतर आता फाईल वाचतानाच होतं. अक्षरांचा पूर्णांक करणाऱ्या इंटला देवनागरी '४०' चालतं, हे पाहून फार बरं वाटलं. परवा कुणीतरी '४० डझन' भरलं. पडद्यावर आलं: "ओळ ७, डझन: '४० डझन' मिळालं, फक्त आकडा हवा." ऑपरेटरने मला फोन न करता ते दुरुस्त केलं.